केल्टिक ‘तू-तुम्ही’चा भित्तितक्ता : प्रकल्प नोंदी

६ जून

तक्त्याला हात घातला. सहा केल्टिक भाषांतली ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची रूपं एका मोठ्या कागदावर आणायची आणि ती आली कुठून हे बाणांनी दाखवायचं, एवढंच काम. मंडळाच्या वाचनखोलीत रोमान्स भाषांचा, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन वगैरेंचा, असा तक्ता आधीच आहे. लॅटिनपासून खाली उतरणारे बाण, सगळं कसं शिस्तीत. त्याच्या शेजारची भिंत मोकळी, म्हणून केल्टिक.

सहा भाषा दोन शाखांत. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स या गॉयडेलिक. वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन या ब्रिथॉनिक. मँक्स ही आयल ऑफ मॅनची. तिचा शेवटचा जन्मभाषक नेड मॅड्रेल १९७४ साली वारला, पण शिकून बोलणारे आज आहेत. कॉर्निश अठराव्या शतकाच्या अखेरीस बोलण्यातून गेली. विसाव्या शतकात जुन्या नाटकांच्या आणि हस्तलिखितांच्या आधारे ती पुन्हा उभी केली गेली. ब्रेटन फ्रान्समध्ये बोलतात, पण ती तिथे पोचली समुद्र ओलांडून, ब्रिटनमधून. सातवा रकाना प्राचीन फ्रान्समधल्या गॉलिशसाठी राखलाय. त्यात काय भरणार, ते नंतर.

८ जून

लिपी ठरवली. सगळं देवनागरीत, आणि स्पेलिंग नाही तर उच्चार. आयरिशचं रोमन स्पेलिंग मराठी माणसाला हमखास चकवतं, कारण तिथे ‘ब’ला ‘ह’ जोडला की ‘भ’ होत नाही, ‘व’ होतो. वेल्श आणि ब्रेटनमधला घशात घासून येणारा आवाज ‘ख़’ असा, नुक्ता देऊन लिहायचा. शाळेत उर्दू शब्दांसाठी जो नुक्ता आपण कंटाळत शिकलो, तो इथे कामी येतोय.

एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. आयरिशचा ‘जाडा’ त दंत्य आहे, जीभ दातांना टेकवून काढलेला. इंग्रजीच्या ट-सारख्या त-पेक्षा तो आपल्या त-ला कितीतरी जवळचा. म्हणजे आयरिश ‘तू’ मराठीत लिहिताना काही करावंच लागत नाही. ‘तू’.

जी रूपं कुठे लिहिलेली सापडत नाहीत, तुलनेने मागे जाऊन बांधली आहेत, ती करड्या शाईत. हा नियम कडक पाळायचा. बाकीच्या रंगांबद्दल मी लवचीक आहे.

११ जून

एकवचनाची ओळ भरली. जुनी आयरिश तू, आधुनिक आयरिश तू, वेल्श ती, कॉर्निश ती, ब्रेटन ते. वरती करड्यात आदिकेल्टिक ‘तू’, त्याच्याही वर आद्य इंडो-युरोपीय, म्हणजे केल्टिक, लॅटिन, संस्कृत या सगळ्यांची मूळ भाषा, तिचा ‘तू’. लॅटिन तू, जुनी इंग्रजी थू, संस्कृत त्वम्, मराठी तू. जगातल्या सगळ्यात टिकाऊ शब्दांपैकी हा एक म्हणायला हरकत नाही. पाचेक हजार वर्षांत जेमतेम खरचटलाय.

वेल्शचं ‘ती’ वाचून मंडळातले लोक हसणार हे उघड आहे. पण तो ई फुकट आलेला नाही. जिथे आयरिशमध्ये दीर्घ ऊ राहिला, तिथे वेल्शमध्ये ई झाला. किल्ला : आयरिश दून, वेल्श दीन. गुपित : आयरिश रून, वेल्श ऱ्हीन. पाठ किंवा मागची बाजू : आयरिश कूल, वेल्श कील. त्याच रांगेत तू आणि ती. या चार जोड्या तक्त्याच्या डाव्या कडेला छोट्या अक्षरात टाकल्या. ‘ध्वनिनियम’ हा शब्द कुठेही न वापरता गोष्ट समजावी असा प्रयत्न आहे.

१२ जून

स्कॉटिश गेलिकचा रकाना भरताना मजा आली. आयरिशमध्ये ‘तू’ कर्म झाला की ‘हू’ होतो, कारण आधीच्या शब्दाच्या सान्निध्यात त मऊ पडतो, आणि मऊ पडलेला त म्हणजे नुसता ह. स्कॉटिश गेलिक आणखी पुढे गेली. तिथे रोजच्या बोलण्यातला ‘तू’ म्हणजे ‘ऊ’. त गेला, ह-ही गेला. ‘कसा आहेस?’ हे ‘किमर अ हा ऊ?’. मँक्समध्येही ‘ऊ’च. पण ‘इस’ या क्रियापदानंतर स्कॉटिश गेलिकमध्ये अजून ‘इस तू’ म्हणतात, कारण स-च्या मागे त मऊ पडत नाही. तेवढ्या एका कोपऱ्यात जुना त शाबूत राहिला.

तू, हू, ऊ. तक्त्यावर ही तीन अक्षरं एकाखाली एक, प्रत्येक खालचं थोडं फिकट.

१९ जून

अनेकवचन. या ओळीने आठवडा खाल्ला, आणि तक्ता करण्यासारखा आहे तो या ओळीमुळेच.

आधी नुसती रूपं. जुनी आयरिश शी आणि शिव, आधुनिक आयरिश शिव, स्कॉटिश गेलिक शिव, मँक्स श्यू. (हो, ‘शिव’. भिंतीवर लागल्यावर या चौकटीपाशी गर्दी होणार.) दुसऱ्या शाखेत वेल्श ख़्वी, बोलण्यात ख़ी, कॉर्निश हुई, ब्रेटन ख़्वी. एका बाजूला श, दुसऱ्या बाजूला ख़्व. ही एकाच शब्दाची पोरं आहेत हे कोण मानेल?

पुरावा सर्वनामाच्या बाहेर आहे. ‘बहीण’ घ्या : संस्कृत स्वसृ, जुनी आयरिश श्युर, वेल्श ख़्वाइर. ‘सहा’ घ्या : आयरिश शे, वेल्श ख़्वेख़. शब्दारंभी जुना ‘स्व’ असला की आयरिश त्याचा स किंवा श करते आणि वेल्श ख़्व. मग शी आणि ख़्वी यांच्यामागे करड्या शाईत ‘स्वीस’ लिहायला काहीच अडचण नाही. त्यातल्या ई-चाही हिशोब लागतो : केल्टिकमध्ये जुना दीर्घ ए ई होतो. सीझरशी लढलेल्या गॉलिश सरदाराच्या, वेर्सिंगेतोरिक्सच्या, नावातला ‘रिक्स’ म्हणजे राजा, लॅटिनचा रेक्स, आपला राजन्. आयरिश राजा ‘री’.

अडचण पुढे आहे. ‘स्वीस’मधला तो स आला कुठून? बाकीच्या भावंडांकडे तो नाही. लॅटिनचं वोस, संस्कृतचं वः, दोन्ही नुसत्या व-ने सुरू होतात. संस्कृतमध्ये कर्ता असेल तर यूयम्, इतर ठिकाणी वः. केल्टिकने य-वालं रूप सोडून दिलं आणि व-वालं कर्त्याच्या जागी बसवलं. लॅटिनने तेच केलं. इंग्रजीतही कर्त्याचं ‘यी’ मावळलं आणि कर्माचं ‘यू’ गादीवर आलं. तेवढं चालतं. पण स?

अभ्यासकांत यावर एकमत नाही. मला सगळ्यात पटलेली मांडणी अशी : आधी ‘आम्ही’ बिघडला. ‘आम्ही’चं जुनं मूळ न-ने सुरू होणारं, लॅटिनचं नोस, संस्कृतचं नः. आणि क्रियापदाचा ‘आम्ही’साठीचा प्रत्यय स-ने संपणारा. क्रियापदामागे सर्वनाम लागलं की मागचा स पुढच्या न-ला चिकटून ऐकू येणार, आणि पोरं ‘स्नी’ शिकणार. जुन्या आयरिशमध्ये ‘आम्ही’ खरोखर ‘श्नी’ आहे. वेल्शमध्ये ‘नी’ दिसतं, पण वेल्श आरंभीच्या स्न-मधला स गाळतेच : पोहणं आयरिशमध्ये ‘स्नाव’, वेल्शमध्ये ‘नोव्यो’, आणि आपलं स्नान त्याच घरातलं. तर ‘आम्ही’ला स लागला, आणि मग ‘तुम्ही’ने शेजाऱ्याकडे बघून आपल्यालाही एक लावून घेतला.

सर्वनामं अशी शेजाऱ्याचं बघून कपडे शिवतात याचा पुरावा शोधायला आयर्लंडपर्यंत जायची गरज नाही. मराठी ‘तुम्ही’कडे बघा. संस्कृतात मूळ अंग युष्म-, त कुठेच नाही. प्राकृतात ‘तुम्हे’ होतं, कारण मधल्या काळात एकवचनाच्या ‘तू’चा त अनेकवचनावर चढला. हिंदी तुम, गुजराती तमे, बंगाली तुमि, सगळे त्या उसन्या त-वर उभे. केल्टिकने उसनं घेतलं ‘आम्ही’कडून, आपण घेतलं ‘तू’कडून. एकवचन जसंच्या तसं, अनेकवचन मात्र डागडुजीचं.

म्हणून या ओळीत वरून खाली येणारे बाण पुरणार नाहीत. आडवे बाण हवेत, ‘आम्ही’कडून ‘तुम्ही’कडे. रोमान्सच्या तक्त्यावर एकही आडवा बाण नाही, आणि तिथेच तो मला जरा खोटा वाटतो.

२० जून

‘शिव’मधल्या शेवटच्या व-चं राहिलं होतं. एक मांडणी दुहेरी रूपाची : ‘स्वी-स्वी’, म्हणजे ‘तुम्ही, तुम्हीच’. पहिला स्व आरंभी म्हणून श झाला. दुसरा स्वरांच्या मध्ये सापडून ओठांवरचा आवाज झाला. स्वरांमध्ये स्व-चं असं होतं हे ‘बहिणी’वरून दिसतं. ‘श्युर’ मऊ पडला की ‘फ्युर’, आणि आजचा आयरिश शब्द ‘द्रिफ्यूर’ म्हणजे मूळचं ‘सख्खी बहीण’. दुहेरी रूप वेल्शमध्ये तर आजही लिहितात : ख़्वख़्वी. हा बाण तुटक रेषेने.

वेल्शमध्ये वडिलांना ‘ताद’ म्हणतात; मंडळातल्या एकाने लगेच ‘तात’ आठवून दिला. तो तक्त्यावर घेणार नाही. त-आणि-आ ही बाळांची पहिली बडबड, ती जगभर कुठेही उगवते. एक असा शब्द घेतला की बाकीच्यांवरचा विश्वास उडतो.

२५ जून

‘तुझा’. आयरिश ‘दो’, वेल्श ‘द’, ब्रेटन ‘दा’, कॉर्निश ‘धा’. सगळीकडे आघात नसलेला, म्हणून त-चा द झालेला. पण वेल्शमध्ये आघाताचं रूपही शिल्लक आहे, ‘ताइ’, म्हणजे स्वतंत्र उभं राहणारं ‘तुझं’. ते सरळ ‘तव’पर्यंत जातं. राष्ट्रगीतात आपण ‘तव शुभ नामे’ म्हणतो त्यातला तव. वेल्शमध्ये आता ते पुस्तकी झालंय. मराठीतही तव कवितेतच उरलाय.

ब्रेटनमध्ये ‘तुझा’ आणि ‘तुमचा’ यांतला फरक पुढच्या शब्दावरही उमटतो. ताद म्हणजे वडील. ‘दा दाद’, तुझे वडील, इथे त मऊ झाला. ब्रेर म्हणजे भाऊ. ‘ओ प्रेर’, तुमचा भाऊ, इथे ब उलट कडक झाला. सर्वनाम कानावर पडलं नाही तरी पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर चहाडी करतं.

२ जुलै

क्रियापदाच्या पोटात शिरणारी सर्वनामं. जुन्या आयरिशची सगळ्यात विचित्र आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

‘तो प्रेम करतो’ याचं अंग कारा. ‘तो माझ्यावर प्रेम करतो’ : नोम ख़ारा. ‘तुझ्यावर’ : नोद ख़ारा. ‘तुमच्यावर’ : नोव कारा. सुरुवातीच्या ‘नो’ला स्वतःचा काही अर्थ नाही. तो केवळ सर्वनामाला टेकायला ठेवलेला आहे, कारण म, द, व हे एका अक्षराचे जीव, एकटे उभे राहू शकत नाहीत आणि वाक्याच्या तोंडाशीही येऊ शकत नाहीत. त्यांची जागा दुसरी. भाषाशास्त्रज्ञ याकोब वाकरनागेलने १८९२ साली दाखवून दिलं की अशा दुबळ्या शब्दांची ही दुसऱ्या जागेची सवय इंडो-युरोपीय भाषांची जुनी सामायिक सवय आहे. संस्कृतचे ते, वः, मे, नः त्याच जातीचे. वाक्यारंभी ते कधी येत नाहीत. संस्कृत नाटकाच्या नांदीत ‘पातु वः’ ऐकलं असेल. आयरिश ‘नोव’मधला व आणि नांदीतला वः एकाच मुळाचे.

आणि रोज आपण जे ‘नमस्ते’ म्हणतो त्यातला ‘ते’ही हाच : नमः ते, तुला नमन. एकवचनी. आजोबांना वाकून आपण ‘तुला’ म्हणतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. याला एक छोटी चौकट द्यायचीच.

वेल्शमध्ये ही पोटातली रूपं साहित्यिक भाषेत टिकली : ‘वे’थ वेलाइस’, मी तुला पाहिलं, ‘वे’ख़ ग्वेलाइस’, मी तुम्हांला पाहिलं. आयरिशला व मिळाला, वेल्शला ख़. एका ‘स्व’ची दोघींनी केलेली वाटणी.

३ जुलै

या जुन्या आयरिश रूपांचा मोठा साठा कुठे आहे याची तळटीप. जर्मनीत, व्युर्त्सबुर्गमध्ये. तिथल्या एका लॅटिन हस्तलिखितात संत पॉलची पत्रं आहेत आणि ओळींच्या मध्ये, समासात, आठव्या शतकातल्या आयरिश भिक्षूंनी बारीक अक्षरात आपल्या भाषेत टिपा लिहिल्या आहेत. पॉल पत्रं लिहितो ती मंडळींना : रोमकरांना, करिंथकरांना, गलतीकरांना. म्हणजे सारखं ‘तुम्ही’. त्यामुळे टिपांतही ‘तुम्ही’ खंडीने. पॉलने एकट्यादुकट्यालाच पत्रं लिहिली असती तर जुन्या आयरिशच्या व-बद्दल आपल्याला बरंच कमी ठाऊक असतं.

४ जुलै

याच टिपा छापणाऱ्यांपैकी एकाचा आपल्या देशाशी संबंध आहे, तो तक्त्याच्या पायथ्याशी हवाच. व्हिटली स्टोक्स, जन्म डब्लिन १८३०. १८६२ साली वकील म्हणून हिंदुस्थानात आला, १८८२ पर्यंत राहिला, अखेरची काही वर्षं व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. आज पुण्यात फ्लॅटचं खरेदीखत होतं ते त्याच कायद्याखाली.

आणि दिवसभर कायदे लिहून हा माणूस उरलेल्या वेळात जुनी आयरिश संपादित करायचा. नवव्या-दहाव्या शतकातला कॉर्मकचा शब्दसंग्रह त्याने १८६८ साली छापला तो कलकत्त्यात. कलकत्त्याच्या छापखान्यात आयरिश खिळे जुळवणाऱ्या कारागिराला काय वाटलं असेल! व्युर्त्सबुर्गच्या टिपा त्याने जॉन स्ट्रॅचनबरोबर १९०१ मध्ये पहिल्या खंडात आणल्या, लंडनला परतल्यावर.

कलकत्ता या कथेत दुसऱ्यांदा येतं. १७८६ साली तिथेच न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळाच्या असाव्यात असं सांगितलं, आणि गॉथिकबरोबर केल्टिकही बहुधा त्यांतलीच असं जोडलं. त्याचे वडील वेल्सचे. केल्टिक खरंच त्या घरातली हे पक्कं व्हायला मात्र पुढे पन्नासेक वर्षं लागली, कारण शब्दांची पहिली अक्षरं अशी बदलतात की नातं ओळखू येत नाही.

१० जुलै

शब्दयोगींची ओळ. इथे मराठी वाचकाला काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

आयरिशमध्ये ‘असणे’ आहे, ‘जवळ बाळगणे’ या अर्थाचं क्रियापद नाही. ‘ता ल्यौर अगत’ : आहे पुस्तक तुझ्याकडे. ‘ता ओक्रस ओर्त’ : आहे भूक तुझ्यावर. नाव विचारायचं तर ‘तुझ्यावर कोणतं नाव आहे?’. इंग्रजीतून आयरिश शिकणाऱ्यांना हे गूढ वाटतं. आपण ‘तुझ्याकडे पुस्तक आहे’ आणि ‘तुला भूक लागलीय’ म्हणतो. फक्त क्रम उलटा.

‘अगत’मध्ये ‘कडे’ आणि ‘तू’ वितळून एक झालेत, सांधा दिसत नाही. अनेकवचन अगिव. तसंच दित, दीव (तुला, तुम्हांला), ल्यात, लिव (तुझ्याबरोबर, तुमच्याबरोबर), ओर्त, ओरिव. एकवचन त-वर संपतं, अनेकवचन व-वर, न चुकता. वेल्श : आर्नात, आर्नोख़. पुन्हा त्या बाजूला ख़.

१८ जुलै

आदर. सगळे याचीच वाट बघतायत, आणि म्हणूनच ही पट्टी तक्त्याच्या तळाशी ठेवणार. मंडळात सूचना आली होती की तक्ता ‘तू, तुम्ही, आपण’ अशा पायऱ्यांवर रचावा. नाही. केल्टिकमध्ये या दोन शब्दांत मुळात फरक होता तो एक माणूस की अनेक, इतकाच. मान नंतर आला, आणि सगळीकडे आलाही नाही.

मध्ययुगीन वेल्शमधला एक प्रसंग यासाठी घेतलाय. मबिनोगी या वेल्श कथांच्या संचातल्या पहिल्या शाखेत, म्हणजे पहिल्या कथेत, डव्हेद या वेल्समधल्या राज्याचा स्वामी पुइह्ल दुसऱ्याच्या कुत्र्यांनी पाडलेल्या हरणावर आपली कुत्री सोडतो. हरणाचा खरा शिकारी येतो, तो अधोलोकाचा राजा आराउन. संतापून म्हणतो, ‘मी आ ऊन पुइ उइत ती’, तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे, आणि तुला मी अभिवादन करणार नाही. पुइह्ल उत्तर देतो की तुझ्यावर एवढा मोठा मान असेल म्हणून तुला ते करावं लागत नसेल. ‘तुझ्यावर’ म्हणजे आर्नात. भांडण संपूर्णपणे दर्जाचं, कोण मोठा आणि कोणी कोणाला आधी मुजरा करायचा याचं, आणि दोन्ही बाजूंनी एकवचन. अपमान सर्वनामात नाही, अभिवादन नाकारण्यात आहे. मान द्यायचा तर त्यासाठी ‘इन्बेन’, म्हणजे ‘सरदार’, हे संबोधन आहे, आणि आराउन संतापातही ते वापरतो. (आजच्या वेल्शमध्ये ‘इन्बेन’चा अर्थ हुकूमशहा.)

वाक्यात पहिला शब्द ‘मी’ आहे तो मराठी नाही, वेल्श. अर्थ तोच.

मग आजची स्थिती. वेल्शमध्ये वडीलधारे, अनोळखी माणसं यांना ख़ी. मित्र, मुलं, जनावरं यांना ती. जुन्या पिढीत आईवडिलांनाही ख़ी म्हणणारी घरं होती. स्कॉटिश गेलिकमध्येही मोठ्यांना शिव : ‘तापा लेत’ हे मित्राला धन्यवाद, ‘तापा लेव’ हे आजीला. आयरिशमध्ये हा मामलाच नाही. एक माणूस म्हणजे तू, मग तो राष्ट्राध्यक्ष असो. इंग्लंडच्या आणि फ्रान्सच्या शेजाराने आदरार्थी बहुवचन आणलं असं म्हणावं, तर आयर्लंडलाही इंग्रजांचा शेजार काही कमी लाभला नव्हता. शेजार हे उत्तर मला अर्धंच वाटतं, म्हणून या पट्टीत एकही बाण काढलेला नाही.

ब्रेटनमध्ये उलटं टोक. मध्य ब्रिटनीच्या मोठ्या पट्ट्यात ‘ते’ वापरातच नाही. नवऱ्याला, पोराला, कुत्र्याला, सगळ्यांना ख़्वी. इतर भागांत दोन्ही आहेत, आणि त्यासाठी क्रियापदं सुद्धा आहेत : तेआल म्हणजे ‘ते’ म्हणणं, ख़्वीआल म्हणजे ‘ख़्वी’ म्हणणं. यांचा अर्थ चौकटीत लिहायला वेळ लागला नाही. अरेतुरे करणं, अहोजाहो करणं.

२१ जुलै

देवाला काय म्हणायचं? ख्रिस्ती प्रार्थनेतली ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ ही ओळ सहाही भाषांत मिळते, त्यामुळे तुलनेला सोयीची. वेल्श : द एनू, तुझं नाव. आयरिश : दान्यम, तुझं नाव. स्कॉटिश, मँक्स, कॉर्निश, तिन्हीकडे एकवचन. जुन्या ब्रेटन पाठात मात्र ‘ओख़ आनो’, तुमचं नाव. फ्रेंचमध्ये कॅथलिक प्रार्थना तशीच ‘तुमचं’ म्हणत असे. १९६६च्या नव्या पाठात ती ‘तुझं’वर आली, आणि ब्रेटनचाही ‘दा आनो’ असा पाठ आता आहे. एनू, आन्यम, आनो हे तिन्ही आपल्या ‘नाम’चे चुलते.

मराठीत विठोबाला अहोजाहो करायची कल्पनाच हास्यास्पद. तेव्हा या ओळीत वाचकाला अनोळखी वाटणार ती फक्त ब्रेटन.

२७ जुलै

कॉर्निशचा रकाना आटोपला. उत्तरकालीन बोलीत ‘ती’चा ‘ची’ झालेला सापडतो, तो घेतला. वेल्शच्या वायव्य कोपऱ्यातलं ‘ख़्दी’ही घेतलं. काही शब्दांमागे ‘ती’ऐवजी तिथे ‘ख़्दी’ म्हणतात : एवो ख़्दी, तुझ्याबरोबर. ते ख़्वी-सारखं दिसतं, पण एकवचनच आहे. त्याचं मूळ ठासून म्हटलेल्या ‘तदी’मध्ये दाखवतात. मधला स्वर गळला, उरलेली जोडी जिभेला जड गेली आणि तिचा ख़ झाला.

२ ऑगस्ट

गॉलिश. प्राचीन फ्रान्समधली ही केल्टिक भाषा शिलालेख, शिशाचे पत्रे आणि भांड्यांवरच्या खरवडींतून कळते. टकळीच्या चात्यांवर कोरलेली लहान वाक्यं सापडली आहेत, बहुधा पोरींना भेट दिलेली. एकावर : ‘नाता विंपी कुर्मी दा’. पोरी, सुंदरे, बीअर दे. कुर्मी म्हणजे वेल्शचा ‘कुरू’, बीअर. ‘दा’ तर आपलाच धातू. सरळसरळ कोणाला तरी उद्देशून बोललेलं वाक्य, आणि नेमकं ‘तू’ नाही. आज्ञार्थाला त्याची गरजच पडत नाही.

‘आम्ही’ मात्र मिळतो. शामालियेरच्या झऱ्यात १९७१ साली सापडलेल्या शिशाच्या पत्र्यावर ‘स्नी’ने सुरू होणारा शब्द आहे, आणि त्यात ‘आम्हांला’ आहे असं बहुतेक अभ्यासक वाचतात. म्हणजे ‘आम्ही’च्या अंगावरचा तो उसना स गॉलमध्येही होता. सातव्या रकान्यात ‘तू’ची जागा कोरी राहील, पण १९ जूनच्या आडव्या बाणाची शेपटी तिथपर्यंत नेता येते. नेली.

९ ऑगस्ट

छापखान्यातून नमुना आला. तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरने सगळे नुक्ते गिळले होते. ख़्वीचं ख्वी झालं होतं. फाइल चित्ररूपात करून पुन्हा दिली.

जागा उरली म्हणून एक ओळ वाढवली, ठासून म्हणायची रूपं. आयरिशमध्ये ‘तुझा’वर जोर देता येत नाही, तो जोर नामाच्या शेपटीला लागतो : ‘द वाक’ तुझा मुलगा, ‘द वाकसा’ तुझाच मुलगा. वेल्शचं ‘तिथाइ’ म्हणजे ‘तूही’ किंवा ‘तू मात्र’, आणि अनेकवचनी ‘ख़्विथाइ’. मराठी च, ही आणि मात्र या तिन्हींनी ही ओळ भरली. उद्या दुसरा नमुना.